कुर्लीच्या पिल्लांसाठी हॅम्बर्ग

जर्मनीला जाणारी मंडळी बॅगेत काय काय नेतात! लाडू, मेतकूट, गोडा मसाला, आमसुलं. मीही नेलं. पण त्या सगळ्याच्या मधोमध, दोन जुन्या साड्यांच्या घडीत गुंडाळून, मी मेलेली पिल्लं नेली होती. खेकड्याची. आमच्या देवगडकडे खाडीतल्या मोठ्या खेकड्याला कुर्ली म्हणतात, तिची ही पिल्लं. तिळापेक्षा बारीक, पाच छोट्या नळ्यांत स्पिरिटमध्ये बुडवलेली, सोबत परवानगीच्या कागदांचा गठ्ठा.

"समुद्रकाठची बाई कुर्ल्या शिकायला जर्मनीला चालली, उलटी गंगा म्हणतात ती हीच," असं आमचे हे विमानतळावर सोडायला आले तेव्हा म्हणाले. मी हसले.

ती मेलेली पिल्लं का नेली ते आधी सांगते. आम्ही आठ जणी मिळून खाडीकाठी एक लहानशी हॅचरी चालवतो. अंड्यांवरची मादी आणायची, अंडी फुटली की पिल्लं वेगळ्या टाक्यांत ठेवायची, खाऊ घालून नखाएवढी करायची आणि खेकडे पाळणाऱ्यांना द्यायची, असा बेत. कागदावर बेत फार देखणा होता. प्रत्यक्षात सात वेळा अंडी फुटली आणि सातही वेळा सहाव्या दिवशी पिल्लं तळाला जाऊन बसली. पहिल्या वेळी तर आम्ही खुळ्यासारख्या खूश झालो होतो. संध्याकाळी वीज गेली आणि टाक्यांतलं पाणी निळसर चमकायला लागलं. "दिवाळी आली गो!" असं कुणी तरी ओरडलं. सकाळी एकही पिल्लू पोहत नव्हतं.

पुढे बायका कारण शोधायला लागल्या, आणि कारण माणसात सापडलं की शोध थांबतो. पिल्लांना खाऊ घालायचं काम सुलभाकडे होतं. आमच्यातली सगळ्यात टापटिपीची, वेळेची पक्की बाई. तिच्या हाताला यश नाही, असं एकीनं म्हटलं, दुसरीनं मान डोलावली. सातव्या खेपेनंतर सुलभानं टाक्यांच्या खोलीत पाऊल टाकणं सोडलं. मी गटातली शिकलेली, बी.एस्सी. झालेली, पुष्कळ समजावलं, पण मग दुसरं कारण काय, असं सगळ्या उलट मलाच विचारत. बैठकीत ठरलं की मी परत आल्यावर आठवी आणि शेवटची खेप. नाही जमलं तर कुलूप.

फिशरीज कॉलेजातल्या एका सरांनी माझ्याकडून अर्ज भरून घेतला होता. हॅम्बर्गची एक प्रयोगशाळा लहान हॅचऱ्या चालवणाऱ्यांना तीन आठवडे बोलावते, पिल्लांचे रोग ओळखायला शिकवते. माझी धाकटी नणंद शलाका हॅम्बर्गलाच राहते. म्हणजे राहायची सोय झाली आणि नाही म्हणायची सबब गेली.

हॅम्बर्ग, उतरल्या उतरल्या

कस्टमच्या माणसानं बॅग उघडायला लावली. मी कागदांचा गठ्ठा पुढे केला. त्यानं नळ्या पाहिल्या, कागद पाहिले, शिक्का पाहिला आणि मान हलवली. मग त्याचा हात आमसुलांच्या पिशवीवर पडला. काळी, चिकट, सुरकुतलेली ती वस्तू त्यानं बाहेर काढून उजेडात धरली, वास घेतला, सहकाऱ्याला बोलावलं. त्यानंही वास घेतला. पाच नळ्या भरून आजारी मयत मिनिटभरात सुटली आणि आमसुलांची चौकशी पंधरा मिनिटं चालली. शेवटी मी एक आमसूल स्वतः तोंडात टाकून चघळून दाखवलं, तेव्हा दोघंही हसले आणि मला जाऊ दिलं.

बाहेर पाऊस. शलाका, तिचा नवरा निखिलराव आणि त्यांची आठ वर्षांची ईरा छत्र्या घेऊन उभी होती. निखिलराव मूळचे पुण्याचे, इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत आहेत.

"वहिनी, वेलकम! उशीर झाला, सॉरी, एस-बानला आज परत फेअरश्पेटुंग होतं," निखिलराव म्हणाले. "आल्झो, तुमचं महिन्याचं टिकेट काढून ठेवलंय. एस-बान, ऊ-बान या लोकल गाड्या, बंदरातली फेरी, सगळं त्यात."

"फेरीसुद्धा?" मी विचारलं.

"फेरीसुद्धा. तुमची लॅब नदीच्या पलीकडे आहे ना."

रोज बोटीनं कामाला जायचं! मला तिथेच जर्मनी आवडली.

ईरा माझ्याशी बोलेना. म्हणजे मी मराठीत विचारलेलं सगळं तिला कळे, उत्तर मात्र जर्मनमध्ये येई आणि शलाका मला मराठी करून सांगे. पहिल्याच दिवशी मी चहाचा चोथा समोर दिसला त्या डब्यात टाकला, तर ईरा धावत आली. "नाइन, मामी! दास इस्ट बिओ!" तिनं चोथा माझ्याकडून दुसऱ्या डब्यात टाकून घेतला. मग आठ वर्षांच्या पोरीनं माझी कचऱ्याची शाळा घेतली. कागद निळ्यात, वेष्टनं पिवळ्यात, सालं-चोथा तपकिरी डब्यात, काचेच्या बाटल्या तर दुकानात परत. मला फार कौतुक वाटलं. माझ्या आईनं मला माहेरी, सांगलीला जे शिकवलं, पानात टाकायचं नाही, दोऱ्याचा तुकडासुद्धा फेकायचा नाही, तेच या लोकांनी डबे रंगवून सरकारी केलेलं. आपलंच माणूस भेटल्यासारखं वाटलं. हा माझा समज पुढे मला कुठे घेऊन गेला ते येईलच.

नदीपलीकडे, पहिला सोमवार

लांडुंग्सब्रुकनच्या धक्क्यावरून फेरी सुटते. सकाळी आठला हातात कॉफी आणि दालचिनीचा चपटा गोड पाव घेतलेले लोक शांतपणे चढतात, कुणी कुणाला ढकलत नाही. मी मात्र धावत वरच्या डेकवर गेले. वारा असा की पदर सावरता सावरता पुरेवाट. समोर एल्बे नदी, तिच्यातून चाळीच्या चाळी एकावर एक रचल्यात अशी कंटेनरची जहाजं जातात. काठावरच्या क्रेन माना खाली घालून डबे उचलतात. देवगडच्या बंदरात मी ट्रॉलर पाहिलेत. हे पाहून तोंडात बोट घालायची वेळ आली. शेजारचा म्हातारा माझ्याकडे बघून "मोइन" म्हणाला. इथे सकाळ असो की संध्याकाळ, नमस्कार तो एकच. मीही जोरात "मोइन!" म्हटलं आणि तो चक्क हसला.

प्रयोगशाळा म्हणजे विटांची एक बैठी इमारत. दाराशी मी सवयीनं बूट-मोजे काढले, नीट कडेला ठेवले आणि अनवाणी आत गेले. हॅचरीत आम्ही तसंच करतो. जिथे जीव वाढतो तिथे वहाणा न्यायच्या नाहीत, इतकं साधं.

"हाल्ट!"

निळा एप्रन घातलेली उंच, पांढऱ्या केसांची बाई माझ्या पायांकडे बघत उभी होती. ही आंके. इथली तंत्रज्ञ, पिल्लांच्या खोल्यांची मालकीणच म्हणा ना. तिनं मला बाकावर बसवलं, पाय धुवायला लावले आणि निळ्या रबरी वहाणा दिल्या. दुसऱ्या खोलीच्या दाराशी त्या काढून पांढऱ्या घालायच्या, तिसरीच्या दाराशी हिरव्या.

"तू पाय स्वच्छ म्हणून अनवाणी आलीस, हो ना?" ती इंग्रजीत म्हणाली. "पण ओला पाय एका टाकीचं पाणी दुसऱ्या टाकीपर्यंत नेतो."

मी खजील झाले. आमच्या हॅचरीत आठ बायकांचे सोळा ओले पाय दिवसभर सगळ्या टाक्यांमधून फिरत असतात.

आंके साठीची. निवृत्तीला थोडे महिने राहिलेत म्हणाली. बोलणं मोजकं, त्यात दर दुसऱ्या वाक्याला "जा" म्हणजे हो, आणि "गेनाऊ" म्हणजे अगदी बरोबर. मी कसनुसं हसून विषय बदलावा म्हणून माझ्या नळ्या पुढे केल्या. तिनं त्या सोन्याचे दागिने घ्यावेत तशा दोन्ही हातांनी घेतल्या.

मग तिनं मला अंधारखोलीत नेलं. दार लावलं, दिवा मालवला आणि "डोळ्यांना सवय होऊ दे, दहा मिनिटं" असं म्हणून बसून राहिली. दहा मिनिटं काळोखात अनोळखी जर्मन बाईशेजारी बसायचं म्हणजे मोठीच गंमत. हळूहळू समोरच्या टेबलावर एक निळसर वर्तुळ दिसायला लागलं. मग दुसरं. मग त्या वर्तुळांतले ठिपके. काचेच्या थाळ्यांत वाढवलेले जिवाणू होते ते, स्वतःच्या उजेडानं चमकणारे. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं आणि त्याच क्षणी आठवलं, ही चमक मी पाहिलेली होती. आमची दिवाळी.

"सुंदर आहेत ना?" आंकेचा आवाज आला. "व्हिब्रिओ. समुद्रात सगळीकडे असतात, थोडे असले तर काही बिघडत नाही. पिल्लांच्या पाण्यात फार झाले की त्यांच्या पोटात शिरतात. आधी पिल्लं खायची थांबतात, मग तळाला जातात. पाणी चमकायला लागलं म्हणजे फार उशीर झाला."

"आमच्याकडे सहाव्या दिवशी होतं."

"जा. पण तुमच्याकडे ते इतके वाढतात कुठे? ते नळ्यांवरून कळणार नाही. ते तुलाच शोधावं लागेल."

माझ्या नळ्यांची तपासणी झाली आणि दोन दिवसांत उत्तर आलं: हेच, व्हिब्रिओ. खुनी सापडला होता, तो घरात शिरतो कुठून ते सापडायचं होतं. मी संध्याकाळी फेरीवर नुसती येरझाऱ्या घालत होते. रोगाला नाव मिळालं याचा एवढा आनंद होतो हे मला माहीत नव्हतं.

चिखलावरचा रविवार

शनिवारी मी शलाकासाठी सोलकढी करायची ठरवली आणि नारळ संध्याकाळी उशिरा मिळाल्यानं ती रविवारवर गेली. सकाळी नऊला मी मिक्सर लावला मात्र, शलाका गाऊनवरच धावत आली.

"अगं वहिनी, बंद कर, बंद कर! संडे आहे, रूहेत्साइट आहे! खालची बाई लगेच हाउसमाइस्टरला कळवेल!"

रविवारी आवाज करायचा नाही, असा इथला दंडक, आणि तो पाळला जातो का ते इमारतीचा हाउसमाइस्टर बघतो. मग मी खोबरं किसणीवर किसून हातानं पिळलं. "बघ, जर्मनीनं तुला आजीच्या काळात नेलं," शलाका म्हणाली. सोलकढी मात्र झकास झाली.

ती बाटलीत भरून आम्ही गाडीनं उत्तर समुद्राच्या काठी गेलो. ओहोटीला तिथला समुद्र मैलभर मागे जातो आणि मागे राहतो तो चिखल. शेकडो माणसं, आजी-आजोबांपासून तान्ह्यांपर्यंत, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून अनवाणी त्या चिखलात चालत होती. मौज म्हणून! आंके मला अनवाणी आत येऊ देत नाही आणि तिचे सगळे देशबांधव इथे चिखल तुडवतायत. मी साडी खोचली आणि उतरले. थंड, मऊ, पायाच्या बोटांमधून वर येणारा चिखल. खाडीचाच, फक्त फ्रिजमध्ये ठेवलेला.

ईरा माझ्यापासून चार हात लांब चालत होती. एका डबक्यात हिरवट पाठीचा एक खेकडा दिसला. तिनं वाकून समोरून हात घातला.

"मामी! चावला! मामी, चावला!"

मी धावले. खेकडा कसला, रुपयाएवढा. मी त्याला सोडवून पाठीमागून कसं धरायचं ते दाखवलं, अंगठा पोटाखाली, बोट पाठीवर. तिनं धरला. मग दुसरा पकडला. पुढचा तासभर "मामी, हा बघ", "मामी, हिच्या पोटाला काय आहे?" असं चाललं होतं. ती एक मादी होती, पोटाखाली नारिंगी अंड्यांचा गच्च गोळा धरून बसलेली. शलाका माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वहिनी, ही मराठी बोलतेय." मी म्हटलं, "बोलू दे, तू बघू नकोस." आम्ही दोघी मुद्दाम दुसरीकडे बघत सोलकढी प्यायलो.

दुसरा आठवडा: बादली

प्रयोगशाळेत त्याच हिरवट जातीच्या खेकड्याच्या अंड्यांतून पिल्लं निघाली. आंकेनं एकाच आईची पिल्लं बारा काचेच्या बरण्यांत मोजून वाटली. सहा तिच्या, सहा माझ्या. पाणी एक, खोली एक, खाऊ एक. "तुझ्या घरी जसं करतेस तसं कर," ती म्हणाली. "मी माझं करते. मग बघू."

खाऊ म्हणजे आर्टेमिया. खारट पाण्यात वाढणारा धुळीएवढा जीव. त्याची सुकी अंडी डब्यात मिळतात, ती एका उबदार कोपऱ्यात खाऱ्या पाण्याच्या बादलीत टाकून हवा सोडली की दिवसभरात नारिंगी पिल्लं निघतात. ती जिवंत पिल्लं हे खेकड्याच्या पिल्लांचं जेवण. आम्हीही तेच देतो.

सकाळी आंकेनं बादलीतले आर्टेमिया बारीक जाळीच्या गाळणीवर घेतले, स्वच्छ पाण्याच्या धारेखाली बराच वेळ धुतले, हवे तेवढे बरण्यांत घातले. आणि मग तिनं उरलेली, अर्धी भरलेली, जिवंत वळवळणारी बादली कोमट पाण्यासकट मोरीत ओतली.

"अगं!" मी मराठीतच ओरडले.

तिनं वळून बघितलं. "काय झालं?"

"ते चांगलं होतं! जिवंत होतं! संध्याकाळी चाललं असतं!"

"संध्याकाळी नवीन असेल," ती म्हणाली आणि बादली घासायला लागली.

मला फार राग आला. खरंच आला, लपवत नाही. चहाच्या चोथ्याला वेगळा डबा देणारा देश, आणि अन्न असं मोरीत? आमच्या हॅचरीत खाऊच्या टेबलावर भिंतीला मीच पाटी लावलीय, माझ्या मोठ्या, वळणदार अक्षरात: "अन्न टाकू नये." सकाळचं उरलं तर बादली हवेखाली ठेवायची आणि संध्याकाळी तेच द्यायचं. मीच सगळ्यांना शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या वाट्याच्या बादलीत खाऊ उरला तेव्हा मी तो उबदार कोपऱ्यात, हवेच्या नळीखाली ठेवला. चोरून नव्हे हं. आंकेनं "घरी करतेस तसं कर" म्हटलंच होतं. संध्याकाळी चार वाजता, फेरी गाठायच्या आधी, तेच बादलीतलं पाणी पेल्यानं माझ्या बरण्यांत घातलं. गाळत बसले नाही. आर्टेमिया जिवंत होते, छान पोहत होते. आंकेनं तिच्या बरण्यांत संध्याकाळचं ताजं दिलं. मी मनात म्हटलं, बघू.

पाच दिवस सगळं उत्तम. माझी पिल्लं तिच्या पिल्लांपेक्षा काही कमी नव्हती. मी शलाकाला म्हटलं, "जर्मन लोक फार नासाडी करतात." निखिलराव श्पार्गेलच्या, म्हणजे ॲस्परॅगसच्या, पांढऱ्या काड्या सोलत होते. त्या दिवसांत इथे जो तो त्याच खातो. ते म्हणाले, "वहिनी, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकतोय."

सहाव्या दिवशी सकाळी मी दारातूनच बघितलं. तिच्या सहा बरण्यांत पिल्लं दिव्याकडे झेपावत होती. माझ्या सहांपैकी चारांमध्ये पाणी किंचित गढूळ होतं आणि पिल्लं तळाला होती.

मी बरण्यांशी धावले. तेच. सातासमुद्रापलीकडे, दुसऱ्या जातीचा खेकडा, दुसरं पाणी, सुलभा नाही, आमच्या टाक्या नाहीत, आणि सहाव्या दिवशी तेच. आंके एक तिची आणि एक माझी बरणी घेऊन अंधारखोलीत गेली. मी मागोमाग. दहा मिनिटं बसलो. या वेळी ती दहा मिनिटं मला सहन होईनात. मग एक बरणी निळी झाली. शेजारची काळीच राहिली.

"कोणती?" मी विचारलं, कळलं असूनही.

"तुझी," आंके म्हणाली. "वसुधा, तू काय वेगळं केलंस?"

अंधारात होते म्हणून बरं झालं. मी सांगितलं. उरलेला खाऊ, हवेखालची बादली, चार वाजताचा पेला, भिंतीवरची पाटी, आई, सांगली, सगळं. वाटलं आता ही बाई मला बोलणार. तिनं दिवा लावला आणि बघते तर तिचा चेहरा फुललेला!

"गेनाऊ!" तिनं माझे दोन्ही खांदे धरले. "गेनाऊ, वसुधा! तू शोधलंस! चल, चल, थाळ्या लाव!"

साठीची बाई, निवृत्तीला आलेली, व्हरांड्यातून अक्षरशः पळत होती, हिरव्या वहाणा बदलून पांढऱ्या घालताना तिनं एक पाय उलटा घातला. आम्ही दोन नमुने घेतले. सकाळी उबवून धुतलेले ताजे आर्टेमिया एका थाळीवर, आणि माझ्या पद्धतीनं दिवसभर उबेला ठेवलेल्या बादलीतलं पाणी दुसरीवर. थाळीवर व्हिब्रिओंचा वंश वाढला की डोळ्यांना ठिपके दिसतात. एक दिवस थांबायचं.

त्या दिवशी मी फेरीवर नुसते हेलपाटे मारले. घरी शलाकानं ताट वाढलं तर मी पानात भात टाकला. ती बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी आंके माझ्यासाठी दारातच थांबलेली. दोन थाळ्या टेबलावर होत्या. पहिलीवर विखुरलेले चार-पाच ठिपके. दुसरीवर ठिपके मोजायची सोयच नव्हती, सगळी थाळी भरून गेलेली, साबुदाण्याची खिचडी वाळावी तशी.

"खाऊ जिवंत दिसतो," आंके म्हणाली, "पण त्या कोमट बादलीत तो एकटा वाढत नाही. संध्याकाळी तू पिल्लांना जेवण दिलं नाहीस. तू त्यांना हे दिलंस." तिनं दुसऱ्या थाळीवर बोट टेकवलं.

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. सातही खेपांचा चोर सापडला होता. चोर घरचाच होता, चोरानं सुवाच्य अक्षरात पाटीसुद्धा लावली होती. आणि त्या पाटीबरहुकूम, एक दिवस न चुकता, सगळ्यात टापटिपीनं काम करणारी बाई आज घरी बसून होती.

फेरीवरून फोन

सुलभाला मी वरच्या डेकवरून व्हिडिओ कॉल लावला. मागे क्रेन, वारा, माझे केस उडतायत.

"वैनी, खय आसात? पडशात पाण्यात!" ती म्हणाली.

मी एका दमात सांगितलं. बादली, थाळ्या, ठिपके, सगळं.

"सुलभा, ऐकतेस ना? हात तुझा नव्हता. चूक माझी होती. पाटी माझी होती."

"तुम्ही माका बरा वाटाचा म्हणान सांगतास."

"अगं नाही! फोटो पाठवते थाळ्यांचा."

"फोटो गावात कोण बघतला?" ती म्हणाली. मग हळूच, "मादी इली हा काल. अंडी आसत पोटाखाली, अजून पिवळी. पण ह्या खेपेक दुसऱ्या कोणाक खाऊ घालूक सांगा, वैनी. परत मेली तर माका तोंड दाखवूक जागा रवाची नाय."

"तूच घालणार," मी म्हटलं. फोन कट झाला, रेंज गेली की तिनं ठेवला ते कळलं नाही. तोपर्यंतचा सगळा आनंद मला त्या एका वाक्यापुढे थिटा वाटला. थाळी खरी ठरली होती, पण सुलभासाठी पिल्लं जगायला हवी होती.

शेवटच्या दिवशी आंकेनं मला एक भेट दिली, कागदात गुंडाळलेली बारीक जाळीची गाळणी, तिच्या स्वतःच्या टेबलावरची. "मला आता कशाला लागतेय," म्हणाली. मी तिला आमसुलं दिली. तिनं एक तोंडात टाकलं, तिचा चेहरा बघण्यासारखा झाला, तरी थुंकलं नाही. स्टेशनवर ईरानं मला विचारलं, "मामी, तुझी कुर्ली मोठी असते? ह्याच्यापेक्षा?" आणि दोन्ही हात पसरले. मी म्हटलं, थोडी लहान. विमानात बसेपर्यंत तो प्रश्न मराठीत होता हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

घरी, सहावा दिवस

मादीची अंडी मी परत आले तोवर काळपट झाली होती, म्हणजे फुटायला आलेली. आल्या आल्या मी बैठक बोलावली आणि सगळ्यांसमोर स्टुलावर चढून माझी पाटी उतरवली. काय झालं ते सांगितलं, कुणाचं चुकलं तेही. दोघी-तिघी खाली बघत होत्या. मी कुणाला काही बोलले नाही. बोलायचा अधिकार मला उरला नव्हता. मग मी सुलभाच्या घरी गेले आणि आंकेची गाळणी तिच्या हातात ठेवली.

"ही खास जर्मनीहून तुझ्यासाठी आलीय. नाही म्हणालीस तर तिकडच्या म्हातारीला कळवावं लागेल."

ती आली. अंडी फुटली त्या पहिल्या सकाळी तिनं आर्टेमिया दोन-दोनदा धुतले. पिल्लांना घालून झालं आणि बादलीत खाऊ उरला, जिवंत, नारिंगी, वळवळणारा. ती थांबली. मीही थांबले. मोरीत ओतायला दोघींचाही हात उठेना. शेवटी सुलभानं बादली उचलली आणि थेट कुंपणापर्यंत चालत जाऊन माडाच्या बुंध्याशी रिकामी केली, मग माडाला हात लावून नमस्कार केला. आता रोजचं ते ठरूनच गेलं आहे. प्रत्येक खोलीच्या दाराशी वेगळ्या रंगाच्या स्लिपरही आहेत, निळ्या, पांढऱ्या, हिरव्या. बाजारात मिळाल्या तशा.

पाचवा दिवस गेला. सहाव्या दिवशी सकाळी पिल्लं पोहत होती, पण मला पोहण्यावर विश्वास नव्हता. दुपारी दोनला आम्ही दोघी टाकीतलं पाणी एका बरणीत घेऊन सामानाच्या खोलीत शिरलो. बाहेर रणरणतं ऊन, म्हणून खिडकीला गोणपाट, दाराच्या फटीला चिंध्या, आणि वर आम्ही दोघींनी मिळून डोक्यावरून जाड घोंगडी घेतलेली. घामाच्या धारा लागल्या होत्या. बाहेर बाकीच्या सहा जणी दाराला कान लावून उभ्या. त्यातल्याच एकीनं हाताला यश नाही म्हटलं होतं.

"दहा मिन्टा?" सुलभानं विचारलं.

"दहा."

घोंगडीत तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी डोळे फाडून बरणीच्या जागी बघत होते. दोनदा वाटलं चमकलं, ते माझ्या डोळ्यांतलंच होतं. दहाची पंधरा मिनिटं झाली.

"काय दिसता गो?" बाहेरून हाक आली.

सुलभानं बरणी डोळ्यांशी धरून पुन्हा एकदा बघितलं. मग तिनं घोंगडीतूनच, सात खेपांचा सगळा जोर काढून, ओरडून सांगितलं:

"कायच दिसणा नाय! कायच नाय!"

बाहेर एकच कल्ला झाला. कुणी तरी दार ढकललं, पण सुलभानं माझा हात घट्ट धरून ठेवला होता. तिला आणखी थोडा वेळ अंधारातच बसायचं होतं.